उजव्या पानावरची नंदाबाई

एस्तेर ओहोळ टॉवेलांच्या घड्या घालायला बसली की बघत राहावं. लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टच्या लिननरूममध्ये तिची एकोणीस वर्षं गेली. किनार आत, शिवण खाली, उशीच्या अभ्र्याचं तोंड भिंतीकडे. ढिगात एखादा डागाळलेला टॉवेल निघाला तर ती तो बाजूला टाकत नाही. डाग आतल्या घडीत जाईल अशा बेतानं दुमडते आणि ढिगात परत ठेवते. पाहुण्याला तो न्हाणीत गेल्यावर कळतो, आणि तोवर एस्तेर जेवायला गेलेली असते.

बाई वाईट नव्हे. उलट चर्चमध्ये कुणाचं काही अडलं तर पहिलं नाव तिचंच निघायचं. म्हणून तर महिला मंडळाची वही तिच्याकडे होती. ही वही म्हणजे दोनशे पानी साधी वही, पण तिच्यावर मंडळीचा सगळा गुरुवार चालायचा. उघडली की डाव्या पानावर विनंत्या, उजव्या पानावर उपकारस्तुती. कुणाचा मुलगा आजारी, कुणाचं लग्न जमत नाही, कुणाला झोप नाही, ते डावीकडे. ज्याची प्रार्थना फळाला आली, ते उजवीकडे. गुरुवारी चार वाजता बायका जमायच्या त्या डाव्या पानावरच्या कुणाच्या तरी घरी, जो उठून चर्चला येऊ शकत नाही त्याच्या. उजव्या पानावरच्यांसाठी एक गीत म्हटलं की झालं. पुढचा गुरुवार कुणाकडे, ते एस्तेर वही बघून सांगायची. लांबच्या घरांना निरोप धाडायची पद्धत नव्हती. बायका येणार एवढं त्यांना ठाऊक असायचं.

गेल्या नोव्हेंबरात रिसॉर्टच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर झालं. पुण्याहून तीसेक माणसं आली, सगळी पांढऱ्या कपड्यांत. शिकवणारे सर मोठे गोड बोलायचे. ब्रह्मांड ऐकतंय म्हणायचे. जे हवंय ते मिळालंच आहे असं बोला, असं लिहा, म्हणजे ते ओढलं जाऊन तुमच्याकडे येतं. आणि नको ते तोंडातून काढू नका. आजाराचं नाव घेतलंत की आजार दार वाजवतो. मग सगळ्यांनी रंगीत कागदांवर आपापल्या नव्या गाड्या आणि परदेशवाऱ्या झाल्या असं लिहून टाकलं. संध्याकाळी हीच मंडळी गरम पाणी येत नाही म्हणून रिसेप्शनवर भांडत होती, पण ते एस्तेरनं मनावर घेतलं नाही. ती टॉवेलांची गाडी घेऊन हॉलच्या दाराशी उभी होती आणि ऐकता ऐकता तिच्या अंगावर काटा आला होता.

कारण हे तिनं लहानपणापासून ऐकलेलंच होतं, असं तिला वाटलं. मागाल ते मिळालंच असं धरून चाला, असं शास्त्रातही आहे की! ब्रह्मांडाच्या जागी प्रभू म्हटलं की झालं. ज्वारीच्या पिठात कुणी मूठभर मैदा मिसळावा तसं तिनं ते मिसळून टाकलं, आणि भाकरी चांगली फुगली म्हणून खूश झाली.

फुगली म्हणजे काय, तर तिची मुलगी कोमल नर्सिंग पूर्ण करून सहा महिने घरी बसली होती. त्या गुरुवारी एस्तेरनं वहीच्या उजव्या पानावर लिहिलं, ‘कोमलला तळेगावच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, उपकारस्तुती.’ नोकरीचा पत्ता नव्हता. तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं.

मग काय विचारता. एस्तेर एकेकीच्या विनंत्या डावीकडून उचलून उजवीकडे नेऊ लागली. ‘गुडघे दुखतात’चं ‘गुडघे मोकळे झाले’ होऊ लागलं. बायकांनाही ते आवडलं. रडगाणं ऐकण्यापेक्षा टाळ्या वाजवायला कुणाला आवडत नाही? नाताळात पाळकसाहेब म्हणाले, “एस्तेरताई, यंदा उजव्या पानावर साक्षी फार वाढल्यात.” तिला धन्य वाटलं.

डाव्या पानावर एक नाव तेवढं हटत नव्हतं. नंदाबाई साळवे, भाजे.

नंदाबाई मूळच्या नगरकडच्या. नवरा मळवलीला रेल्वेत गँगमन होता. तो गेल्यावर त्यांनी जवळच्या भाजे गावात दोन खोल्या बांधल्या, लोकांच्या भातात लावणी-कापणी केली आणि मुलाला वाढवलं. गावात ख्रिस्ती घर तेवढंच एक. एस्तेर लग्न होऊन लोणावळ्यात आली तेव्हा तिला आई नव्हती. कोमलच्या बाळंतपणात चाळीस दिवस रोज मळवलीहून येऊन बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावलं ते नंदाबाईंनी. हे एस्तेर कधी विसरली नव्हती. पण आठवणं आणि आठवून उठून जाणं यांत फरक असतो.

दीड वर्षं नंदाबाईंची एकच ओळ. पोटात दुखतंय, अन्न जात नाही. दर आठवड्याला तीच. महिन्यातला एक गुरुवार भाज्याला जायचा, म्हणजे लोकलनं मळवली, मग ऊन-धूळ खात चालत जायचं, आणि तिथं ती खाटेवरची बाई दर वेळी आधीपेक्षा बारीक झालेली. खोलीत औषधाचा आणि आजारपणाचा वास. एस्तेरला तो वास नको व्हायचा. पण हे तिनं स्वतःला कधी सांगितलं नाही. तिनं स्वतःला सांगितलं की मावशींचा विश्वास कमी पडतोय.

जानेवारीच्या पहिल्या गुरुवारी भाज्याच्या सभेनंतर बाकीच्या बायका चपला घालत होत्या तेव्हा ती नंदाबाईंच्या खाटेशी वाकली.

“मावशी, दुखतंय दुखतंय म्हणू नका आता. आजाराचं नावच घ्यायचं नाही.”

“दुखतंय तर दुखतंय म्हनू नगं?”

“नको. तोंडातून जे निघतं तेच आपल्याकडे येतं. कुणीही विचारलं तरी म्हणायचं, मी बरी आहे. झालेच आहे बरी, असं धरायचं.”

नंदाबाईंनी गोधडी सारखी केली. “बरं बाई,” त्या म्हणाल्या. “तू शिकलेली हायेस.”

त्याच दिवशी लोकलमध्ये बसून एस्तेरनं उजव्या पानावर लिहिलं, ‘नंदाबाई साळवे, पूर्ण बरं वाटलं, उपकारस्तुती.’ रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, “खरंच बऱ्या झाल्या का हो नंदाबाई?”

इथं एस्तेर अडखळली. निमिषभरच. मग म्हणाली, “हो, विश्वासानं.”

पाळकसाहेबांनी पहिला शब्द ऐकला. दुसरा त्यांना भक्तीचा वाटला. तरी बिचाऱ्यांनी फोन करून खात्री केली, आणि नंदाबाई फोनवर म्हणाल्या, बरी हाय. मग भाज्याचा गुरुवार सुटला. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एस्तेरला कधीकधी भांडी घासताना नंदाबाई आठवायच्या. ती लगेच मनात म्हणायची, बऱ्या आहेत. बऱ्या आहेत. आणि पाण्याचा नळ मोठा करायची.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी कोमलचा फोन आला, ड्युटीवरूनच.

“आई, नंदाआजी इथं आल्यात. म्हणजे आल्या होत्या, आता घरी पाठवलं त्यांना. काही करण्यासारखं उरलं नाही म्हणाले डॉक्टर. तू तर म्हणालीस बऱ्या झाल्या!”

एस्तेरनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“त्या अजून बरी हाय असंच सांगत होत्या गं. पोटाला हात लावू देत नव्हत्या आणि बरी हाय म्हणत होत्या. कुणी शिकवलं त्यांना हे?”

“तुझ्या नोकरीच्या वेळी मी...” एस्तेर म्हणाली आणि थांबली. मग तिनं वहीचं सगळं सांगितलं.

कोमल थकून म्हणाली, “आई, जागा तीन होत्या. अर्ज करणाऱ्या आम्ही तिघीच होतो.”

शनिवारची रात्र एस्तेरनं कशी काढली ते तिलाच ठाऊक. रविवारी चर्च सुटल्यावर तिनं वही पिशवीत घातली आणि लोकल पकडली. मळवलीला उतरली तर लेणी बघायला आलेल्यांच्या गाड्यांची रांग लागली होती, पोरं हॉर्न वाजवत होती. रिक्षावाला दीडशे म्हणाला. ती चालत निघाली. आज तिला चालायचंच होतं.

दार सारिकानं उघडलं. नंदाबाईंची सून. “या,” म्हणाली आणि आत वळली. बसा म्हणाली नाही. खोलीच्या कोपऱ्यात मोठी चटई गुंडाळून उभी केली होती.

खाटेवर नंदाबाई होत्या असं समजायचं. गोधडीखाली काही आहे की नाही ते कळत नव्हतं.

“सलाम, मावशी.”

डोळे उघडले. “सलाम. एस्तेर व्हय? बरी हाय मी.” मग श्वास घेऊन म्हणाल्या, “तू सांगितलंस तसंच म्हनते बग.”

एस्तेरला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

“रातभर कण्हत्यात,” सारिका आतून म्हणाली. “इचारलं की बरी हाय. दोन म्हईनं आमाला कळूबी दिलं न्हाई. डाक्टरलाबी तेच.”

“गप गं,” नंदाबाई म्हणाल्या. त्यांनी गोधडीतून हात काढला आणि एस्तेरचं मनगट धरलं. “तू तरी आलीस. एक सांग मला. माजं काय चुकलं?”

“काय मावशी?”

“मंडळी येईना झाली. दर गुरवारी सारिका चटई टाकती. चारला. म्हनलं कोनचा गुरवार आपला ते काय ठावं, टाकून ठिवावी. पाच वाजलं की गुंडाळती.” त्या थांबल्या. “मंग मला वाटलं, माजाच इस्वास कमी पडला. तोंडानं म्हनते बरी हाय, पर मनात येतंयच की दुखतंय. देवाला मनातलं कळतं. म्हून बरं वाटंना, आन म्हून मंडळीबी माज्यावर नाराज झाली.”

चार महिने. सोळा-सतरा गुरुवार. एस्तेरला प्रत्येक गुरुवारची चटई दिसली. टाकलेली आणि गुंडाळलेली.

“मावशी, तुमचं काही चुकलं नाही,” ती म्हणाली. “मी लिहिलं वहीत. तुम्ही बऱ्या झालात म्हणून लिहिलं. पाळकांनाही तेच सांगितलं. बायकांना वाटलं, तुम्ही बऱ्या आहात.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

“मंजी समद्यांस्नी ठावं हाय की म्या बरी झाले?”

“हो.”

“मंग कुनी येनार कशाला,” नंदाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता हिशोब लागल्यासारखा होता. मनगट मात्र त्यांनी सोडलं. त्या सुटलेल्या मनगटाचं एस्तेरला जे वाटलं ते कुणी चार थोबाडीत मारल्या असत्या तरी वाटलं नसतं.

पिशवीकडे बघत त्या म्हणाल्या, “वही आनलीस?”

“आणलीय.”

“लिही. डावीकडं. लय दुखतंय. आन भ्या वाटतं. आन कुनीतरी येऊन बसा. आसंच लिही, बदलू नगंस.”

एस्तेरनं लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग तिनं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, पण जीभ सवयीनं त्याच वाटेनं गेली. “हे प्रभू, तू मावशींना बरं केलंच आहेस म्हणून आम्ही...”

“तसं नगं!” नंदाबाईंचा आवाज एवढा मोठा निघाला की सारिका दारात आली. “तसं नगं, एस्तेर. प्रभूनं सवता मरणाच्या आदल्या राती बागंत सोबत्यांस्नी सांगितलंच की, जीव लय जड झालाय, माज्यासंगं जागं ऱ्हावा. त्यो देवाचा लेक असून बोलला. हे टळू दे, आसंबी म्हनला. त्येला कुनी गप केलं न्हाई. मला का गप केलंस?”

या प्रश्नाचं उत्तर एस्तेरकडे होतं. मला तुमच्याजवळ बसायचं नव्हतं, हे ते उत्तर. ते तिला त्या क्षणी लख्ख कळलं, पण ते तिला तोंडातून काढता आलं नाही. तिनं पुन्हा डोळे मिटले आणि साध्या शब्दांत सांगितलं की प्रभू, मावशींना फार दुखतंय, त्यांना भीती वाटते, जवळ राहा. नंदाबाई आमेन म्हणाल्या.

निघताना एस्तेर खाटेशी गुडघ्यावर बसली. “मावशी, मला माफ करा.”

“करीन,” नंदाबाई म्हणाल्या. “आदी हे गुरवारी वाच. समद्यांम्होरं. काय लिवलं व्हतंस तेबी सांग. मंग.”

मंगळवारी पहाटे नंदाबाई गेल्या. त्याच दिवशी दुपारी लोणावळ्याच्या दफनभूमीत त्यांना ठेवलं. आणि रीतीप्रमाणे घरच्यांच्या सांत्वनाची प्रार्थना भाज्याला ठरली, गुरुवारी, चार वाजता.

गुरुवारी सकाळी एस्तेर लिननरूममध्ये घड्या घालत होती आणि तिच्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती, जी तुमच्याआमच्याही डोक्यात घोळली असती. आता कशाला वाचायचं? ज्या बाईनं वाच म्हणून सांगितलं ती राहिली नाही. सारिकाला माहीत आहे, पण ती चारचौघांत बोलणार नाही. वहीचं एक पान फाटलं तर कुणाला कळतंय? ढिगात एक टॉवेल निघाला, कोपऱ्यात हळदीचा डाग. तिचे हात आपसूक तो आत दुमडायला लागले. तिनं तो तसाच उलगडून टेबलावर टाकला आणि सुपरवायझरला सांगून साडेतीनची लोकल गाठायला लवकर निघाली.

चटई टाकलेली होती. त्या दिवशी ती पुरली नाही. सतरा बायका आल्या, चारपाच जणी तर ओट्यावर बसल्या. सगळ्या जणी रडत होत्या आणि एकमेकींना विचारत होत्या की अशा अचानक कशा गेल्या. गीत झालं. पाळकसाहेब उभे राहिले.

“मी फोन केला होता त्यांना,” ते म्हणाले. “शेवटपर्यंत बरी आहे म्हणाल्या. एकदाही तक्रार नाही. केवढा हा विश्वास! आपल्या सगळ्यांना ही साक्ष आहे.”

बायकांनी माना डोलावल्या. कुणीतरी हुंदका दिला. किती सुंदर दिसत होतं ते सगळं. नंदाबाई संत झाल्या होत्या, कुणाचंच काही चुकलं नव्हतं, आणि एस्तेरनं फक्त बसून राहायचं होतं.

ती उठली. वही उघडून तिनं वाचलं, “नंदाबाई साळवे. लय दुखतंय. भ्या वाटतं. कुनीतरी येऊन बसा.” ओट्यावरच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून तिनं ते पुन्हा वाचलं. मग पानं मागं उलटून जानेवारीचं उजवं पान वाचलं. ते कुणी लिहिलं, का लिहिलं, आणि पाळकांना हो म्हणताना आपण कशा अडखळलो होतो, तेही सांगितलं. “मावशी चार महिने दर गुरुवारी ही चटई टाकायला लावत होत्या,” ती म्हणाली. “मला इथं यायचा कंटाळा आला होता. ते मी विश्वास म्हणून लिहिलं. माझ्यासाठी प्रार्थना करा.”

ज्या बायकांच्या गुडघ्यांचं तिनं लिहून मोकळं केलं होतं त्या आपापले गुडघे चोळत खाली बघत होत्या. पाळकसाहेब अजून उभेच होते. त्यांनाही कुठंतरी लागलं असावं.

त्या मंडळीत मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. तो देवाकडे गेला, आता त्याचं देव बघेल, अशी श्रद्धा. म्हणून डाव्या पानावरची नंदाबाईंची विनंती सगळ्यांनी ऐकली आणि ती तशीच राहिली. उरली ती एस्तेरची. पाळकसाहेबांनी डोळे मिटले, बायकांनी डोक्यावर पदर घेऊन डोळे मिटले, आणि क्षमेसाठी प्रार्थना सुरू झाली. एस्तेरला डोळे मिटवेनात. समोर सारिका चुलीकडच्या भिंतीला टेकून उभी होती. तिचेही डोळे उघडे होते, आणि ती एस्तेरकडेच बघत होती.

आमेन झालं. चहा झाला. बायका लोकल गाठायला एकेक करून निघाल्या. जाताना दोघीतिघींनी एस्तेरच्या खांद्यावर हात ठेवला, बाकीच्या तशाच गेल्या. ती चटईच्या कडेला बसून राहिली. करीन, पण आधी वाच, असं नंदाबाई म्हणाल्या होत्या. तिनं वाचलं होतं. आता पुढचं कुणाकडून ऐकायचं ते तिला कळत नव्हतं. खाट भिंतीला उभी करून ठेवली होती आणि गोधडी बाहेर वाळत होती.

सारिका आली आणि चटईचं दुसरं टोक उचलून उभी राहिली.

“उठा मावशी,” ती म्हणाली. “पाच वाजलं.”